मांगलीची कवटी

अणदूरच्या शिवारात विहीर खणावयास घेतली, म्हणजे प्रथम काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली भुसभुशीत मांजऱ्या आणि त्याच्याही खाली सुरुंगावाचून दाद न देणारा काळा पाषाण लागतो. हा क्रम येथील प्रत्येक शेतकऱ्यास तोंडपाठ आहे, आणि ज्याने आयुष्यात पाच-पंचवीस विहिरी खणल्या आहेत असा मनुष्य तर नुसत्या पहारीच्या आवाजावरून पुढे काय लागणार ते सांगतो. खंडोबाच्या मंदिराचे चिरे याच पाषाणाचे, नळदुर्गच्या किल्ल्याचा तट याच पाषाणाचा, आणि बोरी नदीने आपले पात्र कोरले तेही याच पाषाणात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त रसाचे लोट एकामागून एक बाहेर पडले आणि थरावर थर थिजून हे पठार झाले, इतके आता शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु या पाषाणाच्या तळाशी काय आहे, आणि हा लाव्हा पसरण्यापूर्वी या भूमीवर कोणते जीव पोहत, सरपटत वा चालत होते, हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच कोणी विचारतो.

त्या प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर एका भीषण आपत्तीनंतर मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीस भूकंप झाला. आमच्या धाराशिव जिल्ह्यातीलही कित्येक गावे त्यात जमीनदोस्त झाली. त्यानंतर भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधन केले. त्यात वरचे ३३८ मीटर हा आपला काळा पाषाण निघाला, त्याखाली अवघे ८ मीटर गाळाचे थर निघाले आणि त्याच्या खाली एकदम अब्जावधी वर्षांपूर्वीचा पट्टेदार स्फटिकमय खडक लागला. तो खडक ज्या काळी घडला त्या काळी पृथ्वीवर हाड असलेला एकही प्राणी नव्हता. म्हणजे मत्स्यापासून उभयचरापर्यंत आणि उभयचरापासून सरीसृपापर्यंत जी दीर्घ वाटचाल पृष्ठवंशी प्राण्यांनी केली, तिच्यासंबंधीची पानेच आमच्या भागातील दप्तरातून गहाळ आहेत. ती पाने वाचावयाची तर अणदूरहून पूर्वेस, जेथे काळ्या पाषाणाचा पसारा संपतो आणि वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या खोऱ्यांत तांबूस वालुकाश्म उघडा पडतो, तेथे गेले पाहिजे.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर वर्धा खोऱ्यात मांगली नावाचे लहानसे गाव आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ साली नागपुरास आला. भोसल्यांच्या राज्याची ती अखेरची वर्षे होती. धर्मप्रसार आणि शाळा चालविणे हे त्याचे काम. परंतु रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासमवेत त्याने नागपूरच्या आसपासचा प्रदेश पायाखाली घालून तेथील खडकांची आणि त्यांतील अवशेषांची जी नोंद केली, ती पाहिली म्हणजे कोणत्याही सरकारी खात्याने मान खाली घालावी अशी तिची बारकाई दिसते. मांगलीच्या तांबड्या दगडातून मिळालेली एक चपटी, रुंद कवटी या दोघांनी इंग्लंडास पाठविली, आणि रिचर्ड ओवेन या त्या काळच्या अग्रगण्य शरीरशास्त्रज्ञाने १८५५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध करून त्या प्राण्यास ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. आखूड मुखाचा आणि रुंद मस्तकाचा, असा त्या नावाचा अर्थ. हा प्राणी उभयचर होता आणि तो सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जगत होता, म्हणजे आमच्या काळ्या पाषाणाच्या जन्माआधी अठरा कोटींहून अधिक वर्षे. पुढे १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असता, हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावला. नागपुरातील महाविद्यालयामुळे त्याचे नाव विदर्भात सर्वांस परिचित आहे; त्याच्या या दुसऱ्या कामगिरीची ओळख मात्र फार थोड्यांस असते.

आता एका कवटीवरून एखादा प्राणी कसा जगत होता हे कसे ठरवावयाचे? मृताची जबानी घेता येत नाही. परंतु हाड हा असा दस्तऐवज आहे, की ज्यावर जगण्याच्या प्रत्येक सवयीची काही ना काही मोहोर उमटलेली असते. मांगलीच्या कवटीत डोळ्यांच्या खाचा अगदी पुढे आणि वरच्या अंगास आहेत. ज्या प्राण्याला शिकाऱ्यासाठी वा भक्ष्यासाठी दोन्ही बाजूंस पाहावे लागते त्याचे डोळे कडेला असतात. ज्याला तळाशी निपचित पडून वरून जाणाऱ्या जिवाकडे टक लावावयाची आहे, त्याचेच डोळे असे आभाळाकडे वळलेले असतात. या कुळातील प्राण्यांच्या कवटीचा पृष्ठभाग खाचखळग्यांनी खरबरीत असतो आणि त्यातून विशिष्ट मार्गाने पन्हळी गेलेल्या दिसतात. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जी एक रेषा असते, जिच्या योगे त्याला पाण्याची किंचितशी हालचालही कळते, त्याच इंद्रियाच्या या पन्हळी होत. जो प्राणी आयुष्य कोरड्यावर काढतो त्याला हे इंद्रिय निरुपयोगी असते आणि ते नाहीसेही होते. ज्या अर्थी प्रौढ प्राण्याच्या कवटीवर ते टिकून आहे, त्या अर्थी तो प्राणी नावाने उभयचर असला तरी वृत्तीने जलचरच होता. टाळूत मोठमोठी भोके आहेत, जबडा रुंद आणि आखूड आहे. अशा मुखाने पाठलाग करून भक्ष्य पकडता येत नाही, परंतु ते एकदम उघडले असता पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढले जाते. दातांविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. या प्राण्यांच्या विस्तृत गोतावळ्यात दाताचा आडवा छेद घेऊन पाहिला, तर आतील द्रव्याच्या घड्या नागमोडी वळणे घेत गेलेल्या दिसतात. ओवेननेच यावरून त्यांस चक्रव्यूहदंती अशा अर्थाचे नाव दिले होते. अशाच घड्या काही प्राचीन माशांच्या दातांतही आढळतात, आणि चार पायांच्या प्राण्यांचे पूर्वज कोणत्या माशांत शोधावेत, याचा एक बळकट दाखला त्यामुळे मिळतो.

तथापि एकट्या हाडाच्या साक्षीवर निकाल देणे धोक्याचे असते, आणि माझ्या मते या सर्व शास्त्राचा कणा येथेच आहे. ज्या थरात हाड सापडले तो थर काय सांगतो? मांगलीच्या त्याच दगडात शिंपल्यासारखे कवच असलेल्या बारीक कवचधारी जिवांचे ठसे विपुल मिळाले. रूपर्ट जोन्स या शास्त्रज्ञाने १८६२ मध्ये त्यांचे वर्णन करताना त्यांच्या नावात मांगली हे गावाचे नाव गोवून टाकले. या जिवांचे वंशज आजही पृथ्वीवर आहेत. पावसाळ्यात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत ते राहतात, आणि डबके आटले तरी त्यांची अंडी चिखलात वाळून पुढच्या पावसाची वाट पाहतात. कवटीने सांगितले, की हा प्राणी पाण्याच्या तळाशी दबा धरून बसणारा होता. कवचांनी सांगितले, की ते पाणी उथळ, गोडे आणि हंगामी होते. दोन साक्षीदारांची एकमेकांशी ओळख नाही आणि तरी त्यांच्या जबान्या जुळतात. हिस्लॉपने जर कवटीच तेवढी उचलून पाठविली असती आणि बाकीच्या बारीकसारीक ठशांना कचरा समजून टाकून दिले असते, तर आपल्या हाती अर्धीच हकीकत राहिली असती.

या कवटीची कीर्ती पुढे कल्पनेबाहेर पसरली. दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि इतरत्रही तिचे भाऊबंद सापडले, तेव्हा त्या सर्वांचे मिळून जे कुळ ठरविण्यात आले त्याला मांगलीच्या प्राण्यावरून ‘ब्रॅकिऑपिडी’ असे नाव मिळाले. आज सिडनीत किंवा जोहान्सबर्गमध्ये एखादा अभ्यासक या कुळाचे नाव घेतो, तेव्हा नकळत वैदर्भीय दगडातील त्या पहिल्या कवटीचेच स्मरण करीत असतो. आणि गोड्या उथळ पाण्यात राहणारे हे मंदगती प्राणी महासागर ओलांडून इतके दूर कसे पसरले, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे, की त्यांना महासागर ओलांडावाच लागला नाही. ही सर्व भूखंडे त्या काळी एकमेकांस चिकटलेली होती. या अखंड दक्षिण भूमीला गोंडवन हे जे नाव जगभर रूढ आहे, तेही आमच्याच मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे.

परंतु पाय आले कोठून? मांगलीच्या प्राण्याआधी बारा कोटी वर्षांवर ही गोष्ट घडून गेली होती, आणि या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्याला क्षणभर उत्तर ध्रुवाकडे जावे लागते. मासा जमिनीवर आला, तेथे त्याला चालण्याची गरज भासली आणि मग त्याच्या परांचे पाय झाले, अशी सरळ समजूत पूर्वी होती. ग्रीनलंडमधील अ‍ॅकँथोस्टेगा या प्राण्याचे नवे सांगाडे १९८७ साली जेनी क्लॅक या विदुषीच्या तुकडीने आणले आणि ही समजूत उलटीपालटी झाली. त्याला पाय होते, बोटे होती, आणि तीही हाताला पाच नव्हे तर आठ. परंतु त्याचबरोबर आत कल्ल्यांचा आधार होता, शेपटीला माशासारखे रुंद पर होते, आणि हातांचे सांधे शरीराचा भार पेलण्याजोगे नव्हते. म्हणजे पाय प्रथम पाण्यातच उत्पन्न झाले. वनस्पतींच्या गर्दीतून वाट काढण्यास, तळाला टेकण्यास ते उपयोगी पडत. जमिनीवरील चाल ही पुढची गोष्ट. २००४ साली कॅनडाच्या अति उत्तरेकडील बेटावर टिकटालिक सापडला, त्याचे वर्णन २००६ मध्ये आले. त्याच्या परांत मनगटासारखी हाडे आहेत आणि, माशास जे नसते ते, मान वळविण्याचे स्वातंत्र्य त्याच्या डोक्याला आहे. तो साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. सर्व क्रम आता लागला असे वाटत असतानाच २०१० मध्ये पोलंडमधील एका खाणीतून त्याहूनही सुमारे दीड-दोन कोटी वर्षे जुन्या पावलांचे ठसे प्रसिद्ध झाले, आणि अभ्यासकांस आपली वंशावळ पुन्हा तपासण्यास घ्यावी लागली. ज्या शास्त्रात फेरतपासणीचा दरवाजा असा उघडा राहतो, त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. अणदूर आणि प्राणहितेच्या पलीकडील मालेरी ही गावे १९४८ पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानात होती. एक रियासतीच्या मराठी भाषिक पश्चिमेस, दुसरे तेलुगू भाषिक पूर्वेस, आणि दोहोंचा सारा एकाच सरकारात जमा होई. त्या मालेरीजवळील तांबड्या मातीतून काही विचित्र दात हिस्लॉपच्या हाती आले. ते पंख्यासारखे पसरलेले, कंगोऱ्यांचे, ताटलीवजा दात होते. भारतीय भूगर्भ पाहणी खात्याचे पहिले अधीक्षक टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली ते सेरॅटोडस या माशाचे असल्याचे जाहीर करून त्यांतील जातींना हिस्लॉप व हंटर यांची नावे दिली. त्या वेळी सेरॅटोडस हा केवळ दातांवरून ठाऊक असलेला, कायमचा नष्ट झालेला मासा समजला जाई. अकरा वर्षांनी, १८७० मध्ये, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या नद्यांत एक जिवंत मासा आढळला. गेरार्ड क्रेफ्ट या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे तोंड उघडून पाहिले, तो आत तेच कंगोऱ्यांचे दात! हा मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, आणि पाणी गढूळ व प्राणवायूहीन झाले म्हणजे पृष्ठभागावर येऊन फुप्फुसाने हवा घेतो. फुप्फुस, आणि परांच्या मुळाशी असलेले मांसल दांडे, या दोन गोष्टींमुळे तो आपल्या, म्हणजे चतुष्पादांच्या, जवळच्या भाऊबंदांत गणला जातो. मालेरीच्या तळ्यातील मासा कसा श्वास घेत असावा हे क्वीन्सलंडच्या जिवंत आप्ताने सांगितले. जिथे हाड मुके होते, तिथे जिवंत नातलगास विचारावे, ही या शास्त्रातील आणखी एक रीत.

मालेरीचा सर्वांत बोलका साक्षीदार मात्र निराळाच. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे १९५७ पासून भूशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि लंडनच्या पामेला रॉबिन्सन या विदुषीस मार्गदर्शनास बोलाविले. अंकशास्त्राच्या संस्थेत हाडांचे काम कशाला, असे ज्यांना वाटले असेल त्यांना गोदावरी खोऱ्याने भरघोस उत्तर दिले. बारापासॉरस हा प्रचंड शाकाहारी डायनोसोर याच संस्थेच्या पथकाने काढला, आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या स्मरणार्थ त्याच्या नावापुढे त्यांचे नाव जोडले. मला येथे सांगावयाचे आहे ते मात्र पॅरासुकस हिस्लॉपी या प्राण्याविषयी. हा दिसावयास हुबेहूब सुसरीसारखा. तेच लांब तोंड, तेच दात, पाठीवर तेच चिलखत. परंतु सुसरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाशी असतात, याच्या थेट डोळ्यांजवळ, कपाळावर उंचवट्यात आहेत. दोघांचे वंश वेगळे. पाण्यात बुडून, नुसते नाक-डोळे वर ठेवून दबा धरण्याचा धंदा एक. त्या धंद्याने दोघांस एक रूप दिले. शंकर चटर्जी यांनी या प्राण्याचे दोन जवळजवळ संपूर्ण सांगाडे अभ्यासले, तेव्हा त्यांच्या पोटाच्या जागी दुसऱ्या एका लहान, सडपातळ सरीसृपाची हाडे जुळलेल्या स्थितीत आढळली. ते त्यांचे शेवटचे भोजन असावे, असे अनुमान त्यांनी काढले. आणि गिळला गेलेला तो प्राणी शास्त्रास सर्वस्वी नवा निघाला, तेव्हा त्यास मालेरीसॉरस हे नाव देऊन त्याच्या जातिनामात रॉबिन्सनबाईंचे स्मरण ठेवण्यात आले. ही हाडे जर कोणी एकेक करून वेचून पोत्यात भरली असती, तर भक्ष्य कोण आणि भक्षक कोण हे कळण्याचा मार्गच उरला नसता. थराच्या मातीसकट खडकाचा तुकडा प्लास्टरच्या वेष्टनात बांधून प्रयोगशाळेत न्यावयाचा आणि तेथे महिनोन् महिने सुईने माती उकरावयाची, ही कष्टाची पद्धत कशासाठी, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

त्याच मातीत रिंकोसॉर जातीचा चोचीचा सरीसृप विपुल सापडतो. त्याच्या वरच्या जबड्यात दातांच्या अनेक रांगा आणि त्यांच्यामधून एक खोल खोबण. खालच्या जबड्याची धार बरोबर त्या खोबणीत बसते. आमच्या घरोघरच्या अडकित्त्याची आठवण व्हावी अशी ही रचना. अशा जबड्याला दळण्याची आडवी चाल नसते, वरखाली कातरण्याचीच असते. तेव्हा तो चिवट वनस्पती कातरून खात असला पाहिजे, आणि मागच्या पायांच्या दणकट नख्यांनी कंदमुळे उकरत असला पाहिजे. अलीकडे तर हाडाची कागदाइतकी पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. झाडाच्या खोडासारखी वलये तीत दिसतात आणि त्यांवरून प्राणी झपाट्याने वाढला की ऋतूंनुसार थांबत थांबत, हे उलगडते. खरगपूर व कलकत्ता येथील अभ्यासकांनी या खोऱ्यातील प्राण्यांवर असे काम केले आहे.

केवळ हाडेच साक्ष देतात असेही नाही. मांगलीच्याच मुलखात, चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुरा येथे डायनोसोरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. ती बऱ्याच नंतरची, आमच्या काळ्या पाषाणाच्या सुमाराची. परंतु २००५ साली तिच्यातून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण निघाले, आणि डायनोसोरांच्या काळी गवत नव्हतेच, ही जगभरची समजूत पिसदुऱ्याच्या ढेकळाने मोडून काढली.

मांगलीची कवटी लंडनच्या संग्रहालयात आहे, आणि ती तेथे सुरक्षित राहिली याबद्दल कृतज्ञता बाळगूनही, विदर्भातील मुलांना तिची निदान एक प्रतिकृती पाहावयास मिळू नये याची मला खंत वाटते. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान झाले आहे, ही समाधानाची गोष्ट. मराठवाड्यातील शाळांच्या सहली तेथवर गेल्या पाहिजेत.

आणि अणदूरच्या, तुळजापूरच्या, औशाच्या वाचकांस माझी एक विनंती आहे. काळ्या पाषाणात आपणांस काही मिळणार नाही. परंतु नद्यांच्या काठी त्या पाषाणावर जो जुना गाळ साचला आहे, त्यात मिळू शकते. मांजरा नदीच्या खोऱ्यात हिमयुगीन काळातील हत्तींची आणि पाणघोड्यांची हाडे सापडलेली आहेत. वाळू काढताना, बंधाऱ्याचा पाया खणताना वा दरड कोसळल्यावर दगडासारखे जड झालेले हाड दृष्टीस पडले, तर ते उपटू नका, घरी आणू नका, पाणी ओतून धुऊ नका. ते जसे पडले आहे तसे राहू द्या, त्याचे छायाचित्र घ्या, वरून किती हात खाली आणि कोणत्या रंगाच्या थरात आहे ते लिहून ठेवा, आणि आपल्या तलाठ्यामार्फत, शाळेच्या शिक्षकामार्फत किंवा थेट नागपूरच्या भूगर्भ पाहणी खात्याच्या कचेरीस पत्र लिहून कळवा. हाड पुढे केव्हाही उचलता येईल. त्याची जागा एकदा मोडली, की पुन्हा लावता येत नाही.